किल्ली, कमाई आणि खर्च: सतरा वर्षांच्या मुलावर काय सोपवायचं आणि कधी?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. मुलगा १७ वर्षांचा आहे. त्याला गाडी शिकायची घाई आहे, सुट्टीत कुठेतरी काम करायचं म्हणतो, आणि महिन्याचा हातखर्च पहिल्याच आठवड्यात उडवतो. तुम्ही काही म्हटलं की "तुमचा माझ्यावर विश्वासच नाही" हे उत्तर ठरलेलं. वडिलांचं म्हणणं असं की आधी पैसे सांभाळून दाखव, मग काम बघू, मग गाडी. सुरुवात कुठून करायची आणि किती मोकळीक द्यायची, हे तुम्हाला विचारायचंय.

मी बरीच वर्षं या वयाची मुलं आणि त्यांचे आईवडील यांच्याबरोबर समुपदेशनाचं काम करते. वडिलांनी सांगितलेला क्रम मला पटतो, त्यामागचा विचार मात्र पटत नाही. पैसे सांभाळणं ही परीक्षा आणि गाडी हे बक्षीस, असं मांडलं की मुलगा परीक्षेपुरता शहाणा होतो. क्रम बरोबर आहे तो वेगळ्या कारणाने. या तिन्ही ठिकाणी चुकीची किंमत सारखी नाही. पैशातली चूक या वयात स्वस्त असते आणि भरून निघते, म्हणून तिथे मनसोक्त चुकू द्यायचं. कामातली चूक बाहेरच्या माणसाला दिसते आणि तो ती तोंडावर सांगतो, म्हणून तिथे आईवडिलांनी मध्ये पडायचं नाही. गाडीवरची चूक कधीकधी भरूनच निघत नाही, म्हणून तिथे शक्य तितके दिवस शेजारी बसायचं.

बहुतेक घरांत मला याच्या नेमकं उलटं दिसतं. पैशांचा हिशेब पै-पैचा मागतात, कामाच्या ठिकाणी आई परस्पर फोन करते, आणि गाडीची किल्ली मात्र "जरा एवढं सामान घेऊन ये" म्हणून सहज हातात पडते, कारण आपली एक फेरी वाचते.

आधी पैशाचं बोलू. हातखर्च पहिल्या आठवड्यात संपतो, हे तुम्ही लिहिलंत. आठव्या दिवशी काय होतं, हे लिहिलं नाहीत. माझा अंदाज, तुम्ही थोडे कुरकुरत पुन्हा देता. मग त्याने काढलेला निष्कर्ष चुकीचा कसा म्हणायचा? पैसे संपले की आईची कुरकुर ऐकायची आणि पुढचे घ्यायचे, हा त्याच्यासाठी पक्का अनुभव आहे.

दुसरी गोष्ट, हातखर्च कशासाठी असतो? फक्त मौजमजेसाठी असेल तर तो संपल्याने काही अडत नाही. आणि अडत नाही तोवर कुणी आखणी करत नाही. म्हणून रक्कम वाढवायची नाही, खर्च करणारा हात बदलायचा. एका महिन्यात तुम्ही त्याच्यावर बाहेर काय काय खर्च करता ते कागदावर काढा: मोबाइलचं रिचार्ज, रोजच्या जाण्यायेण्याचे पैसे, कपडे-चपला, केस कापणं, मित्रांच्या वाढदिवसाच्या भेटी. ती सगळी रक्कम त्याच्या हातात द्या आणि हे खर्च त्याच्यावर सोपवा. फी, औषधपाणी, घरचं जेवण आणि रात्री सुखरूप घरी पोचण्याचा खर्च यांना हात लावायचा नाही. ते तुमचंच. सुरुवातीला आठवड्याला द्या. एकदोन महिने जमलं की पंधरवड्याला, मग महिन्याला. कपड्यांचे पैसे पुढे तीन महिन्यांचे एकदम. जितक्या लांबचं बघायला लागेल तितकी आखणी शिकेल. मध्ये भर घालायची नाही, एवढा एकच नियम.

हा नियम पाळणं मुलापेक्षा आईवडिलांनाच जड जातं. माझ्याकडे येणाऱ्या एका मुलाने तीन महिन्यांच्या कपड्यांचे जवळजवळ सगळे पैसे एका बुटांच्या जोडीवर घातले. दुसऱ्या महिन्यात त्याची आई आली. "रोज तीच विटलेली पँट घालून फिरतोय. लोक म्हणतील आम्ही पोराला कपडे घेत नाही." मी म्हटलं, म्हणू देत. तिसऱ्या महिन्यात त्याने ते बूट एका मित्राला विकले. मला सांगताना चांगलाच वैतागला होता: "चारदाच घातले होते, तरी निम्मेच पैसे मिळाले." वापरलेल्या वस्तूची किंमत किती पटकन उतरते, हे त्याला मी किंवा त्याच्या आईने कितीही सांगितलं असतं तरी इतकं नीट कळलं नसतं. आईने त्या महिन्यात गुपचूप एक पँट आणून दिली असती तर मात्र हा धडा तिथेच बुडाला असता.

उसने मागितले तर? देऊ शकता, पण लिहून. किती, परत कधी, आणि पुढच्या रकमेतून किती वळते होणार. व्याज लावायचं की नाही यावर पालक माझ्याशी वाद घालतात. मी म्हणते, थोडं लावा. व्याज म्हणजे काय हे घरात कळलेलं बरं. त्याच बैठकीत कागदावर एक गणित करून दाखवा. महिन्याला ३ टक्के ऐकायला किरकोळ वाटतं. पण व्याजावर व्याज चढत वर्ष झालं की ते ३६ टक्के राहत नाही, ४२ टक्क्यांच्या वर जातं. क्रेडिट कार्डाची थकबाकी आणि "आत्ता घ्या, नंतर द्या" म्हणणारी अॅप याच गणितावर चालतात. उलट बाजूने ७२चा नियम दाखवा: ७२ला व्याजदराने भागलं की पैसे दुप्पट व्हायला साधारण किती वर्षं लागतील ते कळतं. ८ टक्क्यांनी ९ वर्षं, ६ टक्क्यांनी १२. मुलांना हा नियम आवडतो, कारण कॅल्क्युलेटर लागत नाही.

पैशात चुकू द्या म्हणते, त्यालाही एक कुंपण आहे. आपलं बँकेचं खातं, कार्ड किंवा ओटीपी दुसऱ्याला वापरायला द्यायचा नाही. "तुझ्या खात्यात पैसे येतील, काढून मला दे, तुला त्यातले थोडे ठेव" असं सांगून फसवणुकीचे पैसे फिरवायला या वयाची मुलं हेरली जातात. मुलाला वाटतं आपण फक्त मदत केली. पोलिसांच्या दप्तरात मात्र खातं त्याच्या नावाचं असतं. हे आजच सांगा, मूल पैशाला कितीही चोख असलं तरी.

आणि घरचा हिशेब त्याला दाखवा. पूर्ण पगार सांगायला संकोच वाटत असेल तर नका सांगू. पण वीज, भाडं किंवा हप्ता, विमा, वाणसामान, आजारपण या सगळ्यांत महिन्याचे किती जातात हे १७ वर्षांच्या मुलाला माहीत असायला काहीच हरकत नाही. "पैसे झाडाला लागतात का" हे वाक्य ऐकून कुणी सुधारल्याचं मी पाहिलेलं नाही. विजेचं बिल स्वतः दोन महिने भरायला दिल्यावर पंखे बंद करायला लागलेली मुलं पाहिली आहेत.

घरकामाचे पैसे द्यावेत का, हा प्रश्न तुम्ही विचारला नाहीत, पण या सगळ्यात तो येणारच. आपलं ताट उचलणं, आपले कपडे, आपली खोली, घरातला आपला वाटा, याचे पैसे नाहीत. जे काम बाहेरच्याला पैसे देऊन करून घेतलं असतं, म्हणजे गाडी धुणं किंवा एखादी खोली रंगवणं, त्याचे ठरवून द्यायला हरकत नाही. सगळ्यालाच दर लावला तर मूल एक दिवस "आज पैसे नकोत, म्हणून कामही नको" म्हणेल, आणि हिशेबाने त्याचं बरोबर असेल. १९७३ मध्ये लेपर, ग्रीन आणि निस्बेट या मानसशास्त्रज्ञांनी एका बालवाडीत प्रयोग केला होता. ज्या मुलांना चित्र काढण्याबद्दल प्रशस्तिपत्रक कबूल करून मग ते दिलं, ती नंतर मोकळ्या वेळात पूर्वीपेक्षा कमी चित्रं काढू लागली. ज्यांना अवचित बक्षीस मिळालं किंवा काहीच मिळालं नाही, त्यांचा ओढा टिकून राहिला. ती मुलं लहान होती, चित्रकला आणि भांडी एक नव्हेत, हे मान्य. तरी आपणहून होणाऱ्या गोष्टीवर किंमत चिकटवण्याआधी थांबावं, एवढं त्यातून घेता येतं.

घरातलं काम सोपवताना अख्खं काम सोपवा. "मला जरा मदत कर" म्हटलं की काम तुमचंच राहतं आणि तो मजूर. आठवड्यातली एक संध्याकाळ स्वयंपाक त्याचा, असं ठरलं तर काय करायचं, घरात काय नाही, कधी आणायचं, ओटा पुसणं, सगळं त्याचं. आठवण ठेवणं हा कामातला सगळ्यात जड भाग असतो, आणि आपण तोच स्वतःकडे ठेवतो. पहिल्या दोनतीन वेळा जेवायला साडेदहा वाजतील. वाजू देत.

आता बाहेरचं काम. सुट्टीत काम करायचं म्हणतोय ना, करू द्या. अभ्यासाच्या दिवसांत करायचं असेल तर तासांकडे बघा. १९९० च्या सुमारास अमेरिकेत स्टाइनबर्ग आणि डॉर्नबुश यांनी शाळेतल्या मुलांवर केलेल्या अभ्यासात आठवड्याला २० तासांहून जास्त काम करणाऱ्या मुलांचं अभ्यासातलं लक्ष कमी झालेलं दिसलं. त्यावर एक आक्षेप नेहमी घेतला जातो, आणि तो रास्त आहे: ज्यांना शाळेत आधीच रस नव्हता तीच मुलं जास्त तास कामाला गेली असतील. दोन्ही खरं धरलं तरी शाळा-कॉलेज चालू असताना दहा-बारा तासांच्या पुढे जाऊ नये, असं मी सांगते. वयाचे नियम तुमच्या इथले पाहून घ्या. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या १९७३ च्या करारात किमान वय साधारण १५ धरलं आहे, आणि धोक्याच्या कामाला १८. यंत्रं, रसायनं, उंचीवरचं काम आणि रात्रपाळी त्याने कितीही हट्ट केला तरी नको.

कामावर जाण्याआधी तुमचं काम एकच: त्याच्याकडून चार प्रश्नांची उत्तरं मागा. किती तास, किती पैसे, कधी मिळणार, आणि कुणाला विचारायचं. ही उत्तरं त्याने मालकाकडून, शक्यतो लेखी, आणायची. मुलं पैशांचं विचारायला लाजतात. "असं कसं विचारू, त्यांना वाईट वाटेल." विचारायला शिकणं हाच पहिल्या नोकरीचा निम्मा फायदा आहे.

एकदा रुजू झाला की मागे सरा. सकाळी उठवायचं नाही. डबा विसरला तर पोचवायचा नाही. बरं नसेल तर फोन त्याने करायचा, तुम्ही नाही. एका मुलीच्या आईने मॅनेजरला फोन करून "तिला आज सोडा, घरी पाहुणे आलेत" म्हणून सांगितलं. मॅनेजर हो म्हणाला आणि पुढच्या आठवड्यापासून तिला निम्म्या पाळ्या दिल्या. आई माझ्याकडे त्याची तक्रार घेऊन आली. मला तो मॅनेजर काही फार चुकलाय असं वाटलं नाही. ज्या मुलीच्या वेळा तिची आई ठरवते, तिच्या भरवशावर त्याने दुकान कसं उघडावं?

मध्ये पडायचं ते तीन वेळा. कबूल केलेले पैसे अडवले आणि मुलाने स्वतः मागूनही मिळाले नाहीत. अंगाला हात लावणं, घाणेरडं बोलणं, धमकावणं असा प्रकार दिसला. किंवा काम धोक्याचं निघालं. तिथे विचार करत बसू नका, थेट जा. मॅनेजर खडूस आहे, ओरडतो, चांगली पाळी दुसऱ्याला देतो, हे यात बसत नाही. त्यावर ऐकून घ्या आणि विचारा, "मग तू काय करणार आहेस?"

पहिला पगार आला की आईवडिलांना तो वाटून टाकायची भारी हौस असते. इतका बचतीत, इतका शिक्षणाला. एकच ठरवा, पगार हातात येण्याआधी: ठरावीक भाग आल्याबरोबर बाजूला जाईल, बाकी त्याचा. मी चौथा हिस्सा सुचवते. बाकीच्याचं त्याने काय केलं ते विचारू नका. आणि हो, कमवायला लागला म्हणून आधी दिलेली खर्चाची रक्कम लगेच बंद करू नका. मेहनत केली म्हणून शिक्षा झाली असंच त्याला वाटेल.

आता गाडी. इथे मी सगळ्यात जास्त वेळ घेणार आहे, कारण इथे पालक सगळ्यात कमी वेळ देतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या आकडेवारीनुसार ५ ते २९ या वयोगटात मृत्यूचं पहिल्या क्रमांकाचं कारण रस्त्यावरचे अपघात हे आहे. या वयात तुमच्या मुलाला सगळ्यात मोठा धोका आजाराचा नाही, रस्त्याचा आहे.

बऱ्याच जणांना वाटतं की धोका शिकण्याच्या दिवसांत असतो. शेजारी कुणी अनुभवी माणूस बसलेला असतो तोवर नवशिके फारसे अपघात करत नाहीत. परवाना हातात आल्यावर एकट्याने चालवायचे पहिले काही महिने सगळ्यात वाईट, हे अनेक देशांत दिसून आलं आहे. म्हणजे आपण पेढे वाटून निर्धास्त होतो नेमका तेव्हाच धोका सुरू होतो. न्यूझीलंडने हे ओळखून १९८७ मध्ये परवाना टप्प्याटप्प्याने द्यायला सुरुवात केली. आधी शेजारी अनुभवी चालक हवाच. मग एकट्याने चालवायची मुभा, पण रात्री १० ते पहाटे ५ नाही आणि सोबत मित्र बसवून नाही. मग पूर्ण परवाना. पुढे ऑस्ट्रेलिया, कॅनडा, अमेरिकेतली राज्यं यांनी आपापल्या पद्धतीने हेच उचललं. तुमच्या इथला कायदा असे टप्पे पाडत नसेल तर घरात पाडा. परवाना सरकार देतं, किल्ली तुम्ही देता.

रात्र आणि मित्र, हे दोनच निर्बंध का? रात्रीचं सोपं आहे: कमी दिसतं आणि झोप येते. सलग १७ तास जागं राहिल्यावर माणसाचं लक्ष आणि हातांची चपळाई थोडी दारू प्यायल्यासारखी मंदावते, हे १९९७ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी मोजून दाखवलं. सकाळी सहाला उठलेला मुलगा रात्री अकराला घरी निघतो तेव्हा बरोबर तिथे पोचलेला असतो. त्याने दारूला स्पर्शही केलेला नसतो, आणि म्हणूनच आपण ठीक आहोत असं त्याला मनापासून वाटतं.

मित्रांचं जास्त गमतीचं आहे. २००५ मध्ये गार्डनर आणि स्टाइनबर्ग यांनी मुलांना आणि प्रौढांना संगणकावर गाडीचा एक खेळ दिला: सिग्नल पिवळा झाला, पुढे जायचं की थांबायचं. एकटे खेळताना आणि मित्र बघत असताना खेळताना प्रौढांच्या वागण्यात फारसा फरक नव्हता. मित्र बघत असले की १३ ते १६ वर्षांच्या मुलांनी कितीतरी जास्त धोका पत्करला. मित्र काही बोलत असतील, चिडवत असतील म्हणून असं होतं असं नाही, नुसते सोबत असले तरी पुरतं. म्हणून "तू तर शहाणा आहेस, मित्रांच्या नादी लागू नकोस" हा उपदेश वाया जातो. नादी लागतोय हे त्याला स्वतःलाच कळत नसतं. पहिले सहा महिने गाडीत मित्र नाहीत, दुचाकीवर मागे कुणी नाही. हा त्याच्या स्वभावाचा प्रश्न नसून वयाचा आहे, हे त्याला याच शब्दांत सांगा. "विश्वास नाही" या तक्रारीचं उत्तरही यातच आहे. विश्वास तुमचा त्याच्यावर असेलही. समोरून येणाऱ्या ट्रकवर, ओल्या रस्त्यावर आणि मागे बसून ओरडणाऱ्या मित्रावर कसा ठेवणार?

शेजारी बसून शिकवायचं म्हणजे काय? ओरडायचं नाही, हे पहिलं. तुमचा पाय आपोआप नसलेल्या ब्रेकवर जाईल, जाऊ द्या, आवाज मात्र खाली ठेवा. सूचना वळण आल्यावर देऊ नका, आधी द्या. आणि त्याला बोलत चालवायला लावा. समोर जे दिसतंय आणि त्यातून काय होऊ शकतं ते त्याने मोठ्याने म्हणायचं: "डावीकडे उभ्या गाडीचं दार उघडू शकतं. पुढचा ब्रेक मारतोय. त्या बाईंच्या हाताला मूल आहे, सुटू शकतं." पहिले दोन दिवस त्याला हे वेडगळ वाटेल. पण तो कुठे बघतो आणि कुठे बघतच नाही, हे तुम्हाला दुसऱ्या कुठल्याही मार्गाने कळणार नाही. गिअर-क्लच महिन्याभरात जमतं. नजर तयार व्हायला कितीतरी जास्त वेळ लागतो, आणि परवान्याच्या चाचणीत ती फारशी तपासली जात नाही. पाऊस, रात्र, महामार्ग, चढावर थांबून निघणं, हे सगळं तुम्ही शेजारी असताना होऊन जायला हवं. एकट्याने पहिल्यांदा पावसात सापडायला नको.

वेगाचं भाषण देऊ नका, जमिनीवर मोजून दाखवा. मोकळं मैदान किंवा रिकामा रस्ता बघा, चुना किंवा दगड घ्या. ताशी ५० किलोमीटरने चाललेल्या गाडीसमोर अचानक काही आलं तर ते कळून पाय ब्रेकवर जाईपर्यंत सेकंदभर जातो, तेवढ्यात गाडी १४ मीटर पुढे गेलेली असते. मग कोरड्या रस्त्यावर चांगला ब्रेक लागला तर आणखी सुमारे १४ मीटर. एकूण २८. ते त्याला पावलांनी मोजायला लावा आणि तिथे एक दगड ठेवा. आता विचारा: त्याच जागी गाडी ताशी ६५ ने असती आणि त्याच क्षणी ब्रेक मारला असता, तर या दगडापाशी तिचा वेग किती उरला असता? मुलं सांगतात १५, फार तर २०. बरोबर उत्तर आहे, अजून ५०. सेकंदभरात १८ मीटर निघून गेले, ब्रेकला जेमतेम दहाच मीटर उरले. पहिली गाडी जिथे थांबली तिथे दुसरी ५०च्या वेगाने आदळते. एवढं पाहिल्यावर बहुतेक मुलं गप्प होतात आणि मग स्वतःच पुन्हा गणित करून बघतात. करू द्या. मोबाइलचंही तिथेच मोजा: ताशी ६० ने जाताना तीन सेकंद स्क्रीनकडे पाहिलं तर गाडी ५० मीटर आंधळी जाते.

दुचाकी असेल तर अचानक ब्रेक मारण्याचा सराव कमी वेगात, सरळ रेषेत, रिकाम्या जागी करून घ्या. ब्रेक मारला की भार पुढच्या चाकावर येतो, म्हणून थांबवण्याची खरी ताकद पुढच्या ब्रेकमध्ये असते. नवशिके घाबरून तो वापरतच नाहीत किंवा वळणावर एकदम दाबतात. दोन्ही ब्रेक, सरळ चाकावर, दाब हळूहळू वाढवत. हेल्मेटने दुचाकीच्या अपघातात मृत्यूचा धोका सुमारे ४२ टक्क्यांनी आणि डोक्याच्या दुखापतीचा ६९ टक्क्यांनी कमी होतो, हे अनेक अभ्यास एकत्र करून काढलेले आकडे आहेत. पट्टा न लावलेलं हेल्मेट पहिल्या धडकेत डोक्यावरून निघतं, तेव्हा पट्टा लावल्याचा "टक" आवाज ऐकू आल्याशिवाय किल्ली नाही.

नियम लिहून काढा, दोघांनी सह्या करा, आणि त्यात तुमच्या बाजूचंही एक कलम घाला: रात्री कितीही वाजता, कुठूनही, कुठल्याही अवस्थेत त्याने फोन केला की तुम्ही न्यायला जाल आणि त्या रात्री एक शब्दही बोलणार नाही. बोलायचं ते दुसऱ्या दिवशी दुपारी. पालक या कलमावर लगेच सही करतात आणि पहिल्याच वेळी गाडीत बसल्याबसल्या "वेळ बघितलीस का?" म्हणून मोडतात. एकदा मोडलंत की तो पुन्हा फोन करणार नाही. मित्राच्या गाडीवर बसून येईल.

किल्लीचा संबंध फक्त गाडी चालवण्याशी ठेवा. गुण कमी पडले, खोली आवरली नाही, उलट बोलला, म्हणून किल्ली काढून घेणं मला चुकीचं वाटतं. हेल्मेट घातलं नाही, मित्राला मागे बसवलं, ठरलेल्या वेळेनंतर चालवली, तर किल्ली दोन आठवडे परत, वाद नाही. पैशातल्या चुकीचे परिणाम पैशात आणि कामातल्या चुकीचे कामात, तसंच हे. सगळ्या शिक्षा एकाच किल्लीला टांगल्या की किल्ली म्हणजे घरातल्या भांडणाचं हत्यार होतं. मग ती हातात आली की मुलगा सुटल्यासारखा पळतो. मोबाइलवरून गाडी कुठे आहे, किती वेगाने आहे हे बघणारी अॅप वापरायची असतील तर त्याला सांगून वापरा आणि किती महिने ते आधी ठरवा. चोरून वापरलीत तर एक दिवस त्याला कळेलच.

एक सापळा मात्र या तिन्ही गोष्टी जिथे एकत्र येतात तिथे आहे. मुलगा म्हणतो, स्वतः कमावतो आणि स्वतःची गाडी घेतो. ऐकायला छानच वाटतं. मग हप्ता, विमा, इंधन, टायर, सर्व्हिसिंग भागवायला पाळ्या वाढतात, रात्री उशीर होतो, आणि त्या पाळ्यांना जायला गाडी लागते. गाडीसाठी काम आणि कामासाठी गाडी, अभ्यास राहतो बाजूला. यावर सरळ नाही म्हणण्याऐवजी घरच्या गाडीचा सहा महिन्यांचा पूर्ण हिशेब त्याला ठेवायला लावा. प्रत्येक फेरीचं इंधन, पार्किंग, दुरुस्ती, विम्याचा मासिक वाटा. सहा महिन्यांनी किलोमीटरमागे किती पडले ते त्यानेच काढायचं. काही मुलं हा आकडा पाहून बेत सोडतात, काही तरीही घेतात. आकडा स्वतः काढून घेतली असेल तर माझी हरकत नसते.

तेव्हा या महिन्यात खर्चाची यादी करा आणि पहिल्या आठवड्याचे पैसे त्याच्या हातात द्या. सुट्टी लागेल तेव्हा काम. गाडी शिकणं कायद्याचं वय झालं की सुरू होऊ द्या, पैशाच्या निकालाची वाट बघत बसू नका, कारण शेजारी बसून घालवायचे तास जितके जास्त तितकं चांगलं. वडिलांना त्या तासांमधले निम्मे द्या. आठवड्यातून दोन संध्याकाळी ते शेजारी बसले की गाडी कधी द्यायची यावर तुम्हा दोघांत आज जो वाद आहे, तो मुलगा कुठे चुकतोय याच्या माहितीवर होईल. आत्ता तो दोघांच्या नुसत्या अंदाजावर चाललाय.